संदर्भांची शैली आणि मराठी ग्रंथांचें नांवगांव

ग्रंथाच्या किंवा प्रबंधाच्या अखेरीस जी संदर्भग्रंथांची यादी असते ती मनापासून वाचणारा वाचक विरळाच. बहुतेक वाचक तेथवर येतात आणि पुस्तक मिटतात. परीक्षकहि पुष्कळदां एवढेंच पाहतात, कीं यादी पुरेशी लांब आहे कीं नाहीं. तथापि लेखकाच्या प्रामाणिकपणाची खरी कसोटी ह्याच पानांवर लागते, असें आमचें मत आहे. लेखक जें विधान करतो तें खरें कीं खोटें हें पाहावयाचें तर कोणाचें कोणतें पुस्तक काढावें, त्याची कोणती आवृत्ति घ्यावी, तींतलें कोणतें पान उघडावें, ह्याचा पत्ता त्यानें येथें दिलेला असतो. पत्ता बरोबर असेल तर वाचक लेखकाच्या शब्दावर न विसंबतां स्वतः खात्री करून घेऊं शकतो. पत्ता चुकला, तर विधान कितीहि विद्वत्ताप्रचुर असो, त्याचें मोल सांगोवांगीच्या गोष्टीहून अधिक राहत नाहीं.

हा पत्ता लिहिण्याचें काम आतां हातानें फारसें होत नाहीं. त्यासाठीं संगणकावर चालणारीं सॉफ्टवेअरें निघालीं आहेत. ग्रंथकर्त्याचें नांव, ग्रंथाचें नांव, प्रकाशक, गांव, वर्ष इत्यादि माहिती रकान्यांत एकदां भरून ठेवावी. मग प्रबंध लिहितांना जेथें संदर्भ द्यावयाचा तेथें कळ दाबली, कीं टीप तयार होते आणि अखेरची यादीहि आपोआप लागते. ह्यांपैकीं एंडनोट विकत घ्यावें लागतें. मेंडेली हें एल्सव्हिअर ह्या बलाढ्य प्रकाशनसंस्थेनें २०१३ सालीं आपल्या पदरांत घेतलें. झोटेरो मात्र अमेरिकेंतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या एका इतिहासविषयक केंद्रांतून २००६ सालीं बाहेर पडलें आणि आजहि तें फुकट मिळतें. प्रभुत्व मिळविणें अशा अर्थाच्या एका आल्बेनियन शब्दावरून त्याचें नांव घेतलेलें आहे. आमच्या भागांतील विद्यार्थ्याच्या खिशाला झेपणारें तेंच असल्यामुळें येथें मुख्यतः त्यालाच धरून लिहीत आहों.

ह्या यंत्रांतील मर्माची गोष्ट म्हणजे ‘शैली’. एकाच पुस्तकाची एकच नोंद, पण शैली बदलली कीं छापील रूप बदलतें. अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संस्थेची एपीए शैली ग्रंथकाराच्या नांवालगत कंसांत वर्ष घालते. भाषा व साहित्य ह्यांच्या अभ्यासकांची एमएलए शैली आधीं ग्रंथाचें नांव सांगून वर्ष शेवटाकडे नेते. वैद्यकांतली, १९७८ सालच्या व्हँकुव्हर येथील संपादकांच्या बैठकींतून उगम पावलेली शैली नांव बाजूला ठेवून मजकुरांत केवळ क्रमांक देते. हा भेद निव्वळ वेषाचा आहे असें समजूं नये. ज्या शास्त्रांत कालचें संशोधन आज शिळें होतें त्या शास्त्राला वर्ष आधीं हवें असतें. ज्याला ग्रंथाशीं मुक्काम करावयाचा असतो त्याला ग्रंथाचें नांव आधीं हवें असतें. म्हणजे प्रत्येक शैलींत ज्ञानाच्या एका प्रांतानें आपणांस महत्त्वाचें काय वाटतें तें नोंदविलेलें असतें. साहित्यांतील शैलीविषयीं आपण जें म्हणतों तेंच येथेंहि खरें आहे: शैली ही मागाहून चढविलेली झूल नव्हे, ती पाहण्याची एक रीति आहे. मग प्रश्न असा उभा राहतो, कीं मराठी ग्रंथांकडे पाहण्याची रीति ह्यांपैकीं कोणत्या शैलींत आहे?

आमच्या वर्धा जिल्ह्यांत हा प्रश्न विशेष ठळकपणें दिसतो. सेवाग्राम येथें १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील अभ्यासकाचे संदर्भ बहुतेक इंग्रजी नियतकालिकांतले. त्यानें वैद्यकाची शैली निवडली कीं यादी बिनबोभाट लागते. परंतु त्याच वर्ध्यांत, हिंगणघाटास, आर्वीस वा पुलगांवास मराठीचा किंवा इतिहासाचा विद्यार्थी प्रबंध लिहूं लागला, कीं त्याच्या टेबलावर राजवाड्यांचे खंड, ज्ञानेश्वरीची एक जुनी प्रत, लीळाचरित्राच्या दोन आवृत्त्या, विनोबांचीं पुस्तकें आणि गांधीजींच्या समग्र वाङ्मयाचे भाग येऊन पडतात. तोहि तेंच सॉफ्टवेअर उघडतो, आणि मार्गदर्शकानें सांगितलेली एपीए किंवा एमएलए शैली निवडतो. मग त्या साच्यांत मराठी पुस्तक बसेना झालें, कीं साच्याला हात न लावतां पुस्तकाचेच हातपाय कापले जातात. ह्या कापाकापीचा हिशेब येथें मांडावा, आणि ती टाळतां येण्यासारखी आहे हें दाखवावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु.

प्रथम नांव. मराठींत ग्रंथकाराचें नांव हें स्वतःचें नांव, वडिलांचें वा पतीचें नांव आणि आडनांव असें तीन पेडांचें असतें, आणि त्याचें आद्याक्षरी रूपहि ठरून गेलेलें असतें. वि. का. राजवाडे, श्री. व्यं. केतकर, त्र्यं. शं. शेजवलकर ह्या नांवांतील ‘वि’, ‘श्री’, ‘व्यं’, ‘त्र्यं’ हीं आमच्या दृष्टीनें एकेक अक्षरें आहेत. यंत्राच्या लेखीं तसें नाहीं. त्याच्या कोठारांत ‘वि’ हीं दोन चिन्हें आहेत, व आणि वेलांटी. ‘त्र्यं’ ह्यांत तर सहा चिन्हें जोडलेलीं आहेत. नांवाचें पहिलें चिन्ह उचल, अशी आज्ञा जेथें रोमन लिपी डोळ्यांपुढें ठेवून लिहिली गेली असेल, तेथें विश्वनाथाचा ‘वि.’ न होतां ‘व.’ होईल आणि त्र्यंबकाचा ‘त.’ होईल. एपीए शैली तर सर्वांचींच नांवें अशीं आखडून घेते. आतां तीन टिळकांचें उदाहरण घ्या. ‘गीतारहस्य’ लिहिणारे बाळ गंगाधर टिळक, कवि रेव्हरंड नारायण वामन टिळक, आणि ‘स्मृतिचित्रें’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक. मराठी वाचकाला ह्या तिघांत घोटाळा होणें शक्य नाहीं. परंतु ‘टिळक, ब.’, ‘टिळक, न.’ आणि ‘टिळक, ल.’ अशा तीन ओळी पुढें आल्या, तर ज्यांनीं मराठी आत्मचरित्राला नवें वळण दिलें त्या लक्ष्मीबाईंचें स्त्रीपणहि यादींतून पुसून जातें, आणि उरतें तें एक निर्विकार अक्षर.

शिवाय आडनांव हीच ग्रंथकाराची ओळख असें धरून चालणेंहि आमच्याकडे नेहमीं खरें ठरत नाहीं. केशवसुत दामल्यांच्या खालीं आणि कुसुमाग्रज शिरवाडकरांच्या खालीं कोणी शोधीत नाहीं. पवनारच्या परंधाम आश्रमांत राहून ज्यांनीं लिहिलें त्यांस उभा महाराष्ट्र विनोबा म्हणतो, ‘भावे, व.’ ह्या नोंदींत त्यांना ओळखावें कोणी? ज्ञानेश्वर, नामदेव, तुकाराम ह्यांना तर आडनांवाच्या रकान्यांत उभें करणें हास्यास्पदच होय. सुदैवानें नांवाचे दोन रकाने एक करून अखंड नांव भरण्याची सोय झोटेरोंत आहे. ती आहे हेंच आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांना ठाऊक नसतें.

नांवामागून गांव. हा घाव अगदीं अलीकडचा आहे. एमएलए शैलीनें २०१६ च्या आपल्या आठव्या आवृत्तींत, १९०० पूर्वींच्या पुस्तकांसारखे अपवाद वगळून, प्रकाशनस्थळ देण्याची प्रथा सोडली. एपीएनें २०१९ च्या सातव्या आवृत्तींत तीच वाट धरली, आणि शिकागोच्या सुप्रसिद्ध नियमपुस्तकाच्या २०२४ च्या अठराव्या आवृत्तीनेंहि १९०० नंतरच्या पुस्तकांसाठीं गांवाचा आग्रह सोडला. त्यांच्या बाजूनें हें सयुक्तिक आहे; एकाच प्रकाशकाचीं कार्यालयें चार खंडांत असतील तर गांव सांगून काय साधावयाचें? परंतु आमच्याकडे पुष्कळदां गांव हाच प्रकाशकाचा खरा पत्ता असतो. ‘परंधाम प्रकाशन’ एवढेंच छापलें तर परगांवच्या वाचकाला कांहींच बोध होत नाहीं. ‘परंधाम प्रकाशन, पवनार, वर्धा’ म्हटलें कीं कोणाकडे पत्र धाडावें हें कळतें. विनोबांनीं १९२३ सालीं ‘महाराष्ट्र धर्म’ हें मासिक वर्ध्याहून काढलें. त्याच्या नोंदींतून वर्धा गेलें तर एका लहान गांवानें मराठी विचारांत घातलेली भर गेली. मराठी वाङ्मयाचा इतिहास पुण्यामुंबईचाच आहे अशी जी समजूत आहे, ती मोडण्याचें एक साधन ग्रंथसूचींतील गांवांचीं नांवें हें आहे. परदेशांतील एका सयुक्तिक सोयीपायीं तें आपण आपल्या हातानें टाकावें काय?

तिसरी गोष्ट साल. जुन्या मराठी पुस्तकावर पुष्कळदां केवळ शके असतें. शके १८५० म्हणजे १९२८ च्या गुढीपाडव्यापासून १९२९ च्या गुढीपाडव्यापर्यंतचा काळ. विद्यार्थ्यानें वर्षाच्या रकान्यांत १८५० भरलें, कीं यंत्र तें पुस्तक अठ्ठ्याहत्तर वर्षें मागें नेऊन जोतीराव फुल्यांच्या उमेदीच्या काळांत बसवितें. आणि कालक्रमानें यादी लावली असेल तर सगळा क्रमच बिघडतो. ऐतिहासिक कागदांची गोष्ट ह्याहून बिकट. त्यांवर शकाखेरीज सुहूर सन असतो, फसली असतो, हिजरी असतो, आणि शके १५९६ च्या ज्येष्ठांत, म्हणजे १६७४ सालीं, सुरू झालेला राज्याभिषेक शकहि असतो. सुहूर सनांत ५९९ वा ६०० मिळविले म्हणजे इसवी सन निघतो. एका वर्षाचा हा फरक सुहूर वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होत असल्यामुळें पडतो. ज्याच्याजवळ महिना नाहीं त्यानें कोणतें इसवी साल भरावें? प्रामाणिक उत्तर एकच: कागदावर जें आहे तें तसेंच द्यावें आणि त्याचें इसवी रूप शेजारीं द्यावें. साच्यांत एकच वर्ष मावतें म्हणून मूळ मिति गाळणें म्हणजे पुरावा गाळणें होय.

चौथी गोष्ट ठिकाण, म्हणजे पुस्तकाच्या आंतला पत्ता. छापील पान हाच सर्वत्र पत्ता, असें ह्या शैली बहुधा धरून चालतात. आमच्या परंपरेचा पत्ता निराळा आहे. ज्ञानेश्वरीचें वचन अध्याय व ओवी सांगून द्यावयाचें, पान सांगून नव्हे. कारण वाचकाच्या घरची प्रत कोणती हें लेखकाला ठाऊक नसतें. अध्याय व ओवी सांगितल्यावर घरच्या पोथींत आणि विद्यापीठाच्या चिकित्सक आवृत्तींत, दोन-चार ओव्यांच्या फरकानें कां होईना, तें ठिकाण सांपडतें. राजवाड्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ ह्या मालेचा पहिला खंड काढला तेव्हांपासून इतिहासाचा अभ्यासक खंड व लेखांक सांगत आला आहे. लेखांक सांगितला कीं पत्र सांपडलेंच. लीळाचरित्राच्या बाबतींत तर आवृत्तीवांचून क्रमांक निरर्थकच असतो. ह. ना. नेने ह्यांची आवृत्ति आणि वि. भि. कोलते ह्यांनीं संपादून महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळामार्फत १९७८ सालीं प्रसिद्ध केलेली आवृत्ति, ह्यांतील लीळांचा क्रम जुळत नाहीं. ‘लीळा ५०’ एवढेंच लिहिणारा लेखक वाचकाला चौरस्त्यावर सोडून देतो.

ह्या सॉफ्टवेअरांत पानाखेरीज अध्याय, परिच्छेद, श्लोक, खंड असे पुष्कळ प्रकार ठिकाणासाठीं योजिलेले आहेत, आणि श्लोकाच्या जागीं ‘ओवी’ हा शब्द छापला जाईल असें शैलींत लिहितां येतें. एक अडचण मात्र राहते. शैलींत शब्द बदलला कीं तो सर्वत्र बदलतो. मग ज्ञानेश्वरीला ‘ओवी’ मिळते, पण तुकोबांच्या अभंगालाहि ‘ओवी’च चिकटते. अशा ठिकाणीं शैलींत ‘क्र.’ असा तटस्थ शब्द ठेवावा, अथवा संदर्भ घालतांना जोडमजकुराच्या रकान्यांत ‘अभंग’ किंवा ‘ओवी’ असा शब्द स्वतः लिहावा. यंत्राला सर्व कांहीं समजलें पाहिजे असा हट्ट धरण्यांत अर्थ नाहीं. वाचकाला समजलें म्हणजे पुरे.

आवृत्तीच्या प्रश्नाचें सर्वांत बोधप्रद उदाहरण वर्ध्याच्या अभ्यासकांच्या नित्य वापरांतलें आहे. गांधीजी १९३६ पासून सेवाग्रामीं राहिले. त्या काळच्या त्यांच्या पत्रांचा व लेखांचा अभ्यास करावयाचा तर समग्र वाङ्मयाचे इंग्रजी खंड हाताशीं लागतात. के. स्वामिनाथन् ह्यांच्या प्रमुख संपादकत्वाखालीं वाढलेली ही माला १९५८ पासून १९९४ पर्यंत शंभर खंडांत पुरी झाली. पुढें शतकाच्या अखेरीस सरकारनें सुधारलेली म्हणून एक नवी आवृत्ति काढली. तींत पुरवणी खंडांतला मजकूर कालक्रमानें मधें घातला गेला, खंडांचे व पानांचे आंकडे सरकले, आणि कांहीं मजकूर गळल्याचें अभ्यासकांनीं दाखवून दिलें. वाद माजला, आणि २००५ सालीं ती आवृत्ति मागें घ्यावी लागली. परंतु तिचे खंड आणि तिच्या संगणकीय प्रती तोंवर सर्वत्र पोंचल्या होत्या. आज एखाद्या प्रबंधांत केवळ ‘खंड अमुक, पृष्ठ अमुक’ असें दिसलें तर तें कोणत्या मालेंतलें हें सांगणें कठीण. येथें आवृत्तीचा रकाना रिकामा ठेवणें ही बारीकशी हयगय नव्हे. तेवढ्यानें सबंध टीपच निकामी होते.

शेवटीं शब्द. मराठी पुस्तकांच्या यादींत मधेंच इंग्रजी ‘अँड’ व ‘एडिटर’ ह्यांचीं रूपें रोमन लिपींत डोकावतात, तीं पाहून जुन्या वाचकाला ठेंच लागल्यासारखें होतें. आमच्याजवळ ‘संपा.’, ‘अनु.’, ‘आवृ.’, ‘पृ.’, ‘व इतर’ हे शब्द आहेत. पूर्वोक्त ग्रंथासाठीं ‘तत्रैव’ हा तर किती सुटसुटीत शब्द आहे! हे सर्व शैलींत एकदां लिहून ठेवतां येतात. अडचण येते ती मराठी व इंग्रजी ग्रंथ एकाच यादींत आले म्हणजे. सामान्यतः एका शैलीला एकच भाषा समजते. त्यामुळें ‘आणि’ ठेवला तर इंग्रजी पुस्तकांतहि ‘आणि’च येतो. जपानांतील नागोया विद्यापीठाचे फ्रँक बेनेट ह्यांनीं झोटेरोचेंच ज्युरिस-एम नांवाचें बहुभाषी भावंडं तयार केलें, तें असल्याच अडचणींतून. आमच्यापुरता साधा तोडगा असा, कीं मराठी आणि इंग्रजी ग्रंथांच्या याद्या वेगळ्या कराव्या. मराठी प्रबंधांत ही प्रथा पूर्वींपासून आहेच, आणि वर्णक्रमाचा तंटाहि तिनें मिटतो.

आतां उपाय. शैली म्हणजे दुर्भेद्य यंत्र आहे असा जो समज आहे तो निराधार आहे. ती एक साधी मजकुराची फाइल असते. ब्रूस डार्कस नांवाच्या एका अमेरिकन भूगोलज्ञानें अशा नियमांसाठीं एक खूणभाषा सिद्ध केली. झोटेरो व मेंडेली दोन्ही तीच वापरतात, आणि तींत लिहिलेल्या दहा हजारांवर शैलींचा सर्वांस खुला असा संग्रह आहे. त्यांतून आपणांस जवळची वाटणारी एक शैली घ्यावी. मराठीसाठीं शिकागोची तळटिपांची शैली त्यांतल्या त्यांत बरी, कारण ती नांवें आखडून घेत नाहीं. जसें भरावें तसें छापते. म्हणून नांवाच्या रकान्यांत ‘वि. का.’ असें मराठी पद्धतीनें आपणच भरावें. सॉफ्टवेअरांतच दिलेल्या शैली-संपादकांत ती फाइल उघडावी. सर्वांत आधीं शैलीचें नांव व तिची ओळखखूण बदलावी. नाहीं तर मूळ शैलीची पुढची सुधारणा आली, कीं आपले सारे श्रम तिच्याखालीं पुसले जातात. मग शब्दांच्या विभागांत मराठी शब्द लिहावे. प्रकाशनस्थळ छापण्याची आज्ञा गळली असल्यास परत घालावी. मूळ मितीसाठीं ‘जादा’ रकान्याचा उपयोग करून शके व इसवी सन दोन्ही छापले जातील असें करावें. शेवटीं मुद्दाम पांच-सहा अवघड नोंदी घेऊन परीक्षा पाहावी: एक शक असलेलें पुस्तक, एक लेखांक, एक ओवी, एक टोपणनांव, एक अनुवाद, एक जुनें मासिक. ह्या कसोटीला जी शैली उतरेल ती शेंकडों साध्या नोंदींना सहज पुरी पडेल. चार-सहा दिवसांचें हें काम आहे. त्याला संगणकशास्त्राची पदवी नको, चिकाटी हवी.

ह्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, कीं जगमान्य शैली सोडून आपली निराळी चूल मांडणें म्हणजे कूपमंडूकपणा नव्हे काय? आमचें उत्तर असें, कीं जगमान्य शैलींनीं आपापल्या गरजेप्रमाणें स्वतःस वारंवार बदलून घेतलें आहे. ज्यांनीं गांव टाकलें त्यांनीं विचार करून टाकलें. आम्हीं तें विचार करून ठेवलें तर त्यांत कमीपणा कोणता? इंग्रजी लेखांत इंग्रजी शैली अवश्य पाळावी. मराठी लेखाचा वाचक मराठी आहे, आणि पत्ता त्याच्यासाठीं आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा. दहा हजार शैली हें वैभव कीं व्याधि? त्यांतल्या कित्येक शैलींना स्वतःचे नियमच नसतात. त्या दुसऱ्या शैलीकडे बोट दाखवून नियतकालिकाचें नांव तेवढें मिरवितात. उद्यां प्रत्येक महाविद्यालयानें आपली मराठी शैली काढली तर गोंधळ दसपट होईल. हा आक्षेप आम्हांस पूर्णपणें मान्य आहे. म्हणूनच आमची मागणी शंभर शैलींची नाहीं. विचारपूर्वक ठरविलेल्या एका मराठी शैलीची आहे.

त्याबरोबर एक इशाराहि दिला पाहिजे. शैली कितीहि निर्दोष झाली तरी ती जें भरलें तेंच छापणार. पुस्तक न पाहतां दुसऱ्याच्या यादींतून उतरलेली नोंद उत्तम शैलींत छापली, तर खोट अधिक रुबाबदार दिसते, इतकेंच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनीं उचलेगिरीचें मोजमाप टक्क्यांत ठरविलें. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाहीं, आणि ग्रंथसूची त्या मोजणींतून वगळलेली. हें योग्यच आहे. परंतु परिणाम असा झाला, कीं सारी धास्ती टक्क्यांची आणि संदर्भ खरा आहे कीं नाहीं ह्याची चौकशी कोणीच करीत नाहीं. परीक्षकानें यादींतील कोणत्याहि पांच नोंदी निवडून तीं ठिकाणें स्वतः उघडून पाहावीं. एवढा दंडक पडला तरी पुष्कळ प्रबंधांचें रूप पालटेल.

शंकर गणेश दाते ह्यांनीं १८०० ते १९३७ ह्या काळांतील मराठी मुद्रित ग्रंथांची सूची १९४४ सालीं प्रसिद्ध केली. तेव्हां संगणक नव्हता. ग्रंथालयें धुंडाळीत, पुस्तकें चाळीत त्यांनीं आणि त्यांच्या मदतनिसांनीं नोंदी केल्या. त्यांच्या नोंदींवर आज आपण निर्धास्तपणें विसंबतों, कारण मराठी पुस्तक काय वस्तु आहे हें ओळखून त्या केलेल्या आहेत. त्यांच्या शतांश श्रमांत आज आपणांस मराठीची शैली सिद्ध करतां येईल. नागपुरास १९२३ पासून चालत आलेला विदर्भ साहित्य संघ आहे. वर्धा नदी ओलांडून पलीकडे, जेथें लीळाचरित्र सिद्ध झालें त्या रिद्धपुरास, मराठी भाषेचें विद्यापीठ उभें राहिलें आहे. मराठीला २०२४ सालीं अभिजात भाषेचा दर्जाहि मिळाला. अशा संस्थांनीं ग्रंथपाल, इतिहाससंशोधक आणि संतवाङ्मयाचे अभ्यासक ह्यांस एकत्र बसवून नियम ठरवावे, त्यांची फाइल करून त्या खुल्या संग्रहांत ठेवावी आणि ठराविक काळानें ती सुधारीत जावी. मग आर्वीचा विद्यार्थी असो कीं मुंबईचा, त्याला कळ दाबून मराठी पुस्तकाचें खरें नांव आणि खरें गांव मिळेल. अभिजात म्हणविणाऱ्या भाषेच्या ग्रंथांना निदान आपल्या नांवगांवानिशीं यादींत उभें राहतां आलें पाहिजे.